मामी की खजिनदार?

पत्र थोडक्यात: नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका शिक्षिकेनं लिहिलं आहे. वय पन्नाशीच्या पुढे. तिथल्या मराठी मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, महिला मंडळाच्या त्या खजिनदार आहेत. दर महिन्याची वर्गणी आणि हंगामाच्या सणातल्या लिलावाचा वाटा यातून गरजूंसाठी एक छोटा निधी जमतो. सध्या त्यात ३८ हजार रुपये आहेत. या महिन्यात दोन अर्ज आले. एक त्यांच्या नणंदेच्या मुलाचा, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या फीसाठी, ३० हजारांचा. दुसरा चर्चमागच्या वस्तीतल्या एका विधवा बाईंचा. ऊसतोडीला गेले असताना मुलगा ट्रॉलीवरून पडला, पायाचं ऑपरेशन सांगितलंय, २५ हजार कमी पडताहेत. बाई गुरुवारच्या प्रार्थनासभेला नेमानं येतात, पण बाप्तिस्मा झालेला नाही, रजिस्टरला नाव नाही, आणि त्या "त्यांच्याकडच्या" आहेत. कमिटीतल्या एका ज्येष्ठ बाईंनी "विशेषतः विश्वासाच्या घराण्यातल्यांचं" हे बायबलमधलं पौलाचं वचन पुढे केलं. नणंद म्हणाली, "घरचं माणूस खजिनदार असून उपयोग काय?" शिक्षिका लिहितात: "खरं सांगायचं तर ती बाई मला आवडत नाही. आली की मी तिला मागच्या दारी बसवून चहा देते, तशी कधी पाठवत नाही. पण ती नळावर भांडते, मागे मदत दिली तर आभाराचा एक शब्द नाही. भाच्याला मी अंगाखांद्यावर खेळवलंय. दोघांवर सारखी प्रीती मला जमत नाही. मग दर रविवारी 'शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर' म्हणायचा मला काय अधिकार? पद सोडून देऊ का?"

ताई, सलाम.

पद सोडू नका. निदान या कारणासाठी तरी नको. तुम्ही बाजूला झालात तर निधी ज्यांच्या हाती जाईल त्यांना हा प्रश्न पडलेलाच नाही, हे तुमच्याच पत्रावरून दिसतं.

शेजाऱ्यावर प्रीती म्हणजे सगळ्यांविषयी मनात सारखाच जिव्हाळा, आणि तो नसेल तर आपण ढोंगी, असं तुम्ही धरून चालला आहात. ही अट तुम्हाला घातली कुणी? ज्या वचनानं तुम्हाला बोचणी लागली आहे ते बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायातलं, आणि तिथे ते एकटं येत नाही. त्याच्या आधी काय काय आहे ते बघा. कापणी करताना शेताच्या कडा साफ करू नका, सरवा वेचू नका, तो गरिबाला आणि परक्याला राहू द्या. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नका. बहिऱ्याला शिव्या देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नका. निवाडा करताना गरिबाची बाजू घेऊ नका आणि थोरामोठ्याची भीड धरू नका. सूड घेऊ नका, मनात अढी ठेवू नका. आणि या सगळ्याच्या टोकाला शेजाऱ्यावरची प्रीती येते. शेत, मजुरी, रस्ता, निवाडा. मनाबद्दल म्हणाल तर एवढंच, की डूख धरून बसू नका. सरवा वेचणारी बाई शेतमालकाला आवडते की नाही, हे तिथे कुणी विचारलेलं नाही. ती नळावर भांडत असली तरी कडेची कणसं तिचीच.

त्यामुळे भाच्यावर माया जास्त आहे यात शरमण्यासारखं काही नाही. जो आपल्या घरच्यांची तरतूद करत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट, असं तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात चांगलं खणखणीत सांगितलंय. वधस्तंभावरून येशूनं स्वतःच्या आईची सोय लावली. बारा शिष्यांतही पेत्र, याकोब आणि योहान हे तिघे अधिक जवळचे होते, आणि ते कुणापासून लपलेलं नव्हतं.

पण त्या तिघांतल्या दोघांची, म्हणजे जब्दीच्या मुलांची आई एक दिवस अर्ज घेऊन आलीच. तुमच्या राज्यात माझ्या एका मुलाला उजवीकडे बसवा आणि दुसऱ्याला डावीकडे, असं तिचं म्हणणं. मत्तयच्या २० व्या अध्यायात हा प्रसंग आहे. येशूनं तिला झिडकारलं नाही, मुलांवरची मायाही कमी केली नाही, पण त्या जागा देणं माझ्याकडे नाही असं सरळ सांगितलं. तुमच्या नणंदबाई याहून वेगळं काय मागताहेत? आईनं मुलासाठी शब्द टाकावा यात वावगं काही नाही. उत्तर देणाऱ्यानं मात्र आपण कोणत्या नात्यानं उत्तर देतोय हे ओळखायचं असतं. मामी म्हणून तुमची स्वतःची पर्स आहे. तिच्यातून भाच्याला हवं तेवढं द्या, कुणाची परवानगी लागत नाही. मंडळाच्या डब्यातले ३८ हजार मात्र कुणाच्या तरी कोंबडीच्या, कुणाच्या तरी पायलीभर बाजरीच्या लिलावातून आलेले आहेत. त्यांच्यावर मामीचा हक्क चालत नाही.

ही वाटणी एकदा केली की तुमचा निम्मा ताण उतरेल असं मला वाटतं. उरलेला निम्मा उतरू नये, कारण तो योग्य जागी आहे.

याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय तुम्ही अनेकदा ऐकला असेल. सभेत सोन्याची अंगठी घातलेला, झकपक कपड्यांतला माणूस येतो आणि मळक्या कपड्यांतला गरीबही येतो. पहिल्याला म्हणतात, इथे चांगल्या जागी बसा. दुसऱ्याला म्हणतात, तू तिथे उभा राहा, नाहीतर इथे माझ्या पायांशी बस. नाताळच्या कार्यक्रमात मंडपवाल्याकडचे लाल सोफे पुढे कुणासाठी मांडतात आणि सतरंजीच्या शेवटच्या टोकाला कोण बसतं, हे डोळ्यापुढे आणलं की वाटतं याकोब आपल्या तालुक्यात येऊन गेला असावा. त्या गरिबाला कुणी हाकललेलं नाही. त्याला आत घेतलं, जागाही दाखवली. तरीही याकोब याला पाप म्हणतो, आणि तेही 'शेजाऱ्यावर प्रीती कर' या आज्ञेचं नाव घेऊन.

आता तुमच्या पत्रातलं ते ओझरतं वाक्य. बाई आल्या की तुम्ही त्यांना मागच्या दारी बसवून चहा देता. तुम्ही ते तुमच्या जमेच्या बाजूला लिहिलंय. मी विचारतो, नणंद आली की तिला चहा कुठे मिळतो? आणि कप कोणता? त्या बाईंचा कप फडताळात वेगळा ठेवलेला असेल तर तो तुम्ही ठेवला असेल असं नाही. सासूबाईंच्या वेळेपासून असेल. अशा गोष्टी घरात कुणी ठरवत नाही आणि सगळे पाळतात. पण पक्षपाताचा हिशेब मांडायचाच असेल तर ३८ हजारांच्या आधी त्या कपापासून मांडा. ज्या घरात पुढच्या दारानं कधी बोलावलं नाही तिथे आभार मानायला माणूस कोणत्या दारानं येणार?

पत्रात जातीचं नाव कुठेच नाही. "त्यांच्याकडच्या" एवढ्यावर भागलंय, आणि वाचणाऱ्याला कळतं. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं. पुढे आपल्या भागात जे लोक मोठ्या संख्येनं ख्रिस्ती झाले त्यांतल्या बहुतेकांना गावानं वेशीबाहेर ठेवलेलं होतं. त्यांचीच पतवंडं आज कमिटीवर बसून शेजारच्या वस्तीचे अर्ज "पुढच्या मीटिंगला बघू" म्हणून बाजूला सारतात, हे मला कुठल्याही बाहेरच्या टीकेपेक्षा जास्त लागतं. भारतातल्या कॅथलिक बिशप परिषदेनं २०१६ साली दलित सक्षमीकरणाचं धोरण जाहीर केलं, तेव्हा चर्चच्या आत जातिभेद आहे हे उघडपणे मान्य केलं. आपण मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी ते वाचून त्यांच्याकडे बोट दाखवायचं कारण नाही. स्थळं बघताना आणि पंच निवडताना आपल्याकडे काय बोललं जातं ते आपल्याला ठाऊक आहे.

कमिटीतल्या बाईंनी काढलेलं वचन गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातलं. ते खरं आहे, आणि टाळून चालणार नाही. पण पूर्ण वाचलं तर आधी सर्वांचं बरं करावं असं आहे, आणि मग विशेषतः विश्वासाच्या घराण्यातल्यांचं. 'विशेषतः' म्हटलं की बाकीचेही त्यात आलेच. 'फक्त' असं पौलानं लिहिलेलं नाही. शिवाय याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल अंत्युखियातली गोष्ट सांगतो. पेत्र तिथे परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहूदी नसलेल्यांच्या, पंगतीला बसत होता, आणि आपल्याकडची काही मंडळी आल्यावर भिऊन उठून वेगळा बसू लागला. पौलानं त्याला सगळ्यांसमोर तोंडावर धरलं. त्याच पत्रातली अर्धी ओळ घेऊन कुणाला पंगतीबाहेर ठेवायचं, हे काही मला पटत नाही. आणि दर गुरुवारी तुमच्याबरोबर गुडघे टेकणारी बाई विश्वासाच्या घराण्यात नाही, हे रजिस्टर बघून ठरवायचं असेल तर ठरवा. तुमच्या नणंदेचं घराणं मात्र त्या वचनात नक्कीच अभिप्रेत नाही.

आवडीनिवडीबद्दल एक-दोन गोष्टी. लूकच्या १७ व्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे झाले, आभार मानायला एकच परत आला, आणि तो शोमरोनी, म्हणजे यहूद्यांच्या लेखी परका, होता. बाकीचे नऊ कुठे आहेत असं येशूनं विचारलं, म्हणजे कृतघ्नपणा त्यालाही जाणवला. पण त्या नऊ जणांचा रोग परत आल्याचं काही लिहिलेलं नाही. मदतीला आभाराची अट घातली की ती उधारी होते. तुम्हाला राग आला तर येऊ द्या, अर्जावरच्या शेऱ्यात तो उतरू देऊ नका.

दुसरी गोष्ट त्या चांगल्या शोमरोन्याची. लुटारूंनी मारून वाटेत टाकलेला एक माणूस पाहून त्याला कळवळा आला असं लूक लिहितो, तेव्हा मनाचा काही संबंधच नाही असं मीही म्हणणार नाही. पण तो कळवळा आल्यावर त्यानं काय केलं? जखमा बांधल्या, जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं, दुसऱ्या दिवशी मालकाला दोन दीनार दिले, जास्त खर्च झाला तर परत येताना देतो म्हणाला, आणि आपल्या वाटेनं गेला. दीनार म्हणजे त्या काळची मजुराची एका दिवसाची मजुरी. दोन दिवसांचा रोज, आणि हिशेब पुरा करायचा शब्द. जखमी माणसाशी त्याची मैत्री झाली का, जखमी स्वभावानं कसा होता, काही माहीत नाही. तुम्हालाही त्या बाईंशी गूळपीठ करायची गरज नाही.

आता व्यवहाराचं. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय. यरुशलेममधल्या अगदी पहिल्या मंडळीत तुमच्यासारखंच भांडण झालं होतं. रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं, अशी ग्रीक बोलणाऱ्यांनी तक्रार केली. प्रेषितांनी "तुम्हाला उगाच तसं वाटतंय" म्हटलं नाही, प्रीतीवर उपदेशही केला नाही. सात माणसं निवडून वाटप त्यांच्याकडे सोपवायला सांगितलं. त्यांची नावं बघा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही नावं ग्रीक, आणि शेवटचा तर अंत्युखियाहून आलेला, यहूदी धर्मात नव्यानं आलेला माणूस. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हातात डाव दिला, असं यावरून दिसतं. मला हा सबंध नव्या करारातला सगळ्यात शहाणा कमिटी-ठराव वाटतो.

तुमच्या मंडळातही तेच करता येईल. पुढच्या मीटिंगच्या आधी पाळकसाहेबांना आणि अध्यक्षीणबाईंना दोन ओळींचं पत्र द्या: अर्जदार माझा भाचा आहे, त्या अर्जाच्या चर्चेत आणि निर्णयात मी नसेन. तोंडी सांगू नका, तोंडी सांगितलेलं चहापर्यंत विरघळतं. त्या विषयाच्या वेळी खरोखर उठून बाहेर जा. समोर बसून गप्प राहिलात तरी तुमचा चेहरा मत देतो. दुसऱ्या अर्जावर मात्र बसा आणि बोला. त्या बाई आवडत नाहीत म्हणून तिथूनही उठण्याचा मोह होईल, तो टाळा. कमिटीत मागच्या वस्तीतली एक तरी बाई घ्या, निमंत्रित म्हणून नको, मताचा अधिकार देऊन. आणि निधीतून आजवर कुणाकुणाला किती दिले याची यादी वहीतून काढून सगळ्यांसमोर एकदा वाचा. मदत घेणाऱ्यांची नावं वाचू नका, आळी किंवा वस्ती तेवढी वाचा. खजिनदाराच्या हातात याहून धारदार काही नसतं, आणि त्यासाठी कुणावर आरोप करावा लागत नाही.

इथे उलट बाजूचा धोकाही सांगायला हवा. अपराधी वाटून तुम्ही भाच्याचा अर्ज मुद्दाम पाडाल, म्हणजे आपले हात स्वच्छ दिसतील. लेवीयात गरिबाचीही बाजू घेऊ नका असं सांगितलंय ते यासाठीच. भाच्याची गरज खोटी नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांना मिळत नाहीत, आणि आपल्याकडच्या कितीतरी घरांत फीची वेळ आली की दागिने मोडावे लागतात ते याचमुळे. पण फीला हप्ते मिळतात का, शेवटची तारीख कोणती, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीच्या योजनांत अर्ज केलाय का, शैक्षणिक कर्ज विचारलंय का, हे त्याच्याकडून लिहून घ्यायला सांगा. तसंच त्या बाईंच्या बाबतीत, हॉस्पिटल सरकारच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का आणि हे ऑपरेशन त्यात बसतं का, हे त्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, विचारा. त्या लिहित्यावाचत्या नसतील तर रेशनकार्ड, आधारकार्ड घेऊन मंडळातल्या कुणीतरी बरोबर जावं. तुम्हीच गेलात तर उत्तम. रुग्णालयाच्या बाकावर दोन तास शेजारी बसलं की नळावरचं भांडण जरा लहान दिसतं. कदाचित २५ हजारांची गरज सहा-सात हजारांवर येईल आणि दोघांचंही भागेल. नाही भागलं, तर माझं मत विचाराल तर पाय आधी. फी महिनाभर थांबू शकते, वाकडं जुळलेलं हाड नंतर सरळ करणं महाग पडतं. पण हा निर्णय तुमच्या कमिटीचा, माझा नाही.

नणंदेला काय सांगायचं? मीटिंगच्या आधी सांगा, नंतर नको, आणि नवऱ्याच्या तोंडून नको. "निधीतून काय मिळेल ते कमिटी ठरवेल, मी त्यात नाही. माझ्याकडून दहा हजार धर," असं, तुम्हाला जमेल तो आकडा घालून. दिवाळीपर्यंत अबोला राहील. राहू दे.

हे पत्र फक्त मंडळीतल्या बायकांनी वाचावं असं नाही. बचत गटात कर्ज कुणाला आधी, सोसायटीत वॉचमनच्या मुलीच्या दवाखान्याला किती, गणेश मंडळाच्या शिल्लकीतून कुणाची फी, गावाकडच्या पतसंस्थेत कुणाचा अर्ज वर ठेवायचा, सगळीकडे कुणीतरी मामी किंवा काका असतोच. त्यांनाही हेच सांगेन: नातं लिहून द्या, त्या विषयाला उठून जा, आणि मागच्या पाच वर्षांची यादी वाचा.

कमिटीनं तरीही रजिस्टरचं कारण काढून बाईंचा अर्ज फेटाळला, तर तुमचं विरुद्ध मत मिनिट्समध्ये नावानिशी लिहून घ्यायला सांगा, आणि आपल्यासारखं वाटणाऱ्या दोघी-तिघींना घेऊन त्याच संध्याकाळी वर्गणी काढा. आणि पुढच्या वर्षी खजिनदारपदाला पुन्हा उभ्या राहा.